आवाज कुणाचा, नाव कुणाचं?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या. आज जरा लांबच्या मुलखातली गोष्ट सांगते.

नाताळ जवळ आला की गोव्यात, मुंबईत एक इंग्रजी गाणं हमखास कानावर पडतं, 'मेरीज बॉय चाइल्ड'. ते ज्यांच्यामुळं घराघरांत पोचलं, त्या मंडळींचं नाव बोनी एम. गट जर्मनीतला. तीन बायका आणि एक पुरुष. अंगात सोनेरी-चंदेरी, चमकीचे पोशाख, आणि त्या पुरुषाचा, बॉबी फॅरेलचा, नाच तर असा की बघणाऱ्याची नजर हलू नये.

आता यातली मेख ऐका. हा गट आधी जमला आणि मग गाणं झालं, असं नाही. आधी गाणं झालं! जर्मनीत फ्रँक फारियन नावाचा माणूस होता. मूळचा स्वयंपाकी, पण ओढा गाण्याकडं. १९७५च्या सुमारास त्यानं एक गाणं केलं. जाड आवाज त्याचाच आणि बारीक आवाजही त्याचाच. वर नाव लावलं 'बोनी एम.' गाणं चाललं. मग टीव्हीवाले म्हणाले, गट पाठवा. गट होताच कुठं? तो एकटाच!

मग माणसं शोधली. मेझी विल्यम्स कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेरात बेटावरची, बॉबी अरुबा बेटावरचा. पुढं जमैकात जन्मलेल्या मार्शिया बॅरेट आणि लिझ मिचेल आल्या. १९७६ साली 'डॅडी कूल' आलं आणि गट गाजला.

पण रेकॉर्डवर गात कोण होतं? लिझ आणि मार्शिया. पुरुषाचा आवाज फारियनचा. बॉबी ओठ हलवायचा आणि नाचायचा. मेझी कव्हरवर होती, मंचावर होती, पण रेकॉर्डमध्ये तिचा आवाज नव्हता. रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला मात्र वाटायचं, हे चौघंच गातात.

१९७८ साल त्यांचं. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या नंबरावर होतं. मूळ गाणं जमैकातल्या मेलोडियन्स या गटाचं, १९७० सालचं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं 'ब्राउन गर्ल इन द रिंग'. आपल्याकडं भोंडल्याला मुली फेर धरतात ना, तसं तिकडच्या मुलांचं फेराचं गाणं. लोकांनी रेकॉर्ड उलटून तेही डोक्यावर घेतलं. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख प्रती खपल्या. त्याच डिसेंबरात गट मॉस्कोत गायला. रशियाच्या राजवाड्यातल्या एका साधूवर त्यांचं 'रासपुतिन' हे गाणं होतं, ते मात्र तिथं म्हणायचं नाही असं ठरलं होतं.

पुढं कुरबुरी सुरू झाल्या. १९८१ साली बॉबी बाहेर पडला, नंतर परत आला. १९८६ साली गट मोडला. मग प्रत्येकानं आपापला संच काढला. लिझ म्हणते बोनी एम माझा, मेझी म्हणते माझा. एका नावाच्या चार वाटण्या! ३० डिसेंबर २०१० रोजी बॉबी गेला, कार्यक्रमासाठी रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला होता तेव्हाच. रासपुतिनचा खून त्याच शहरात, त्याच तारखेला, १९१६ साली झाला होता. योगायोगच म्हणायचा.

फारियननं पुढं मिली व्हॅनिली नावानं दोन तरुण पोरं उभी केली. पुन्हा तेच, गाणारे वेगळे आणि दिसणारे वेगळे. १९९०मध्ये हे उघड झालं आणि त्यांचा ग्रॅमी पुरस्कार काढून घेतला गेला. युक्ती करणारा एक, पण जगापुढं नाचक्की झाली ती त्या पोरांची.

मला विचाराल तर बॉबी नाचला यात वाईट काही नाही. नाचणं हेही कामच आहे, आणि घाम गाळायचंच काम आहे. लोक त्याला बघायलाच यायचे. चूक ही, की कोणाचं काम कोणतं हे झाकून ठेवलं. झाकलेलं असलं की श्रेय मागायला गेलेली खोटी ठरते आणि पैसा मागायला गेलेली भांडखोर.

आता आपल्या गटाकडं या. पापडाचं पीठ कुटणारी एक, लाटणारी दुसरी, उन्हात राखण करणारी तिसरी, हिशेब लिहिणारी चौथी. प्रदर्शनात स्टॉलवर बसते पाचवी, आणि फोटो तिचाच येतो. ती दिवसभर उभी राहते, बोलून बोलून तिचा घसा बसतो, तिलाही कमी लेखू नका. पण पीठ कुटणारीचं नाव कुठं आहे?

म्हणून पुढच्या बैठकीत एवढंच करा. वहीत प्रत्येकीच्या नावापुढं तिचं काम लिहा आणि वाटा किती तेही लिहा. माल विकायच्या आधी लिहा. पैसा हातात आल्यावर लिहायला बसलात तर भांडण ठरलेलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही कळेल. आणि सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्या.

बघा, जमतंय का. येते मग. राम राम.