वेरूळच्या डोंगराचें चित्र



लातूर-नांदेडकडील रसिकांना वेरूळ परकें वाटण्याचें कारण नाहीं. कैलास लेणें ज्यांच्या कारकीर्दींत कोरलें गेलें, ते राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. आणि हें लट्टलूर म्हणजे आपलें लातूरच, असें अनेक संशोधक मानतात. आज त्या वेरूळच्याच एका चित्रसंग्रहाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा चोवीस चित्रांचा संग्रह टॉमस डॅनियल यानें १८०३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केला. युरोपांत तेव्हां अद्भुतरम्य कलेचा काळ होता. तुटलेले कडे, दाट छाया आणि त्यांपुढें इवलासा माणूस पाहून मनांत जें भय व आदर दाटून येतात, त्यांची रसिकांस ओढ लागली होती. म्हणूनच ह्या संग्रहांत आरंभीं लेणीं नाहींत; पहिलीं तीन चित्रें आहेत तीं नुसत्या डोंगराचीं! ही दृष्टि वेरूळला शोभतेहि. कारण कैलास हें चिरा चिऱ्यावर रचलेलें देऊळ नव्हे, तर काळ्या बसाल्टाचा डोंगर वरून खालीं कोरीत काढलेलें शिल्प आहे.

डॅनियलनें हीं चित्रें कोरविलीं तीं जेम्स वेल्स ह्या स्कॉटिश चित्रकाराच्या आलेखनांवरून. वेल्स १७९१ मध्यें मुंबईस आला, पुण्यास त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढिलीं आणि १७९५ मध्यें त्याला मृत्यूनें गांठलें. संग्रहाच्या मुखपृष्ठावर वेल्स व डॅनियल हीं दोन नांवें आहेत. तेथें एक नांव मात्र नाहीं, तें म्हणजे गंगाराम तांबट!

हा पुण्याचा मराठी चित्रकार. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यानें त्याच्याकडून वेरूळचीं आलेखनें करविलीं होतीं. वेल्सचाहि तो साहाय्यक होता. त्याच्या हातचीं चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहीं आहेत. म्हणजे तीं नष्ट झालीं नाहींत. विस्मरण झालें तें आपल्याला.

अजिंठ्याचे चितारी कोण होते, हें आपण जाणत नाहीं आणि त्याला उपायहि नाहीं. गंगारामाचें तसें नव्हे. त्याचें नांव उपलब्ध आहे, चित्रेंहि उपलब्ध आहेत. वेरूळच्या त्या जुन्या चित्रांची प्रतिकृति कोठें दृष्टीस पडली, तर मुलांना वेल्स आणि डॅनियल यांच्या जोडीला हें तिसरें नांवहि आवर्जून सांगावें. एवढें ऋण फेडणें आपल्या हातीं आहे.