पद्मिनीचे दिवे मंद? आधी अर्थिंग बघा!

आज बोलूया प्रीमियर पद्मिनीबद्दल. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली, पण घरची पद्मिनी जपणारे अजून आहेत.

हेडलाइट मंद, स्टार्टर नुसता कटकट करतोय. लगेच सल्ला मिळतो, "बॅटरी बदल!" जरा थांबा. करंट वायरमधून जातो, पण परत येतो गाडीच्या बॉडीतून. आपल्या वसई-विरारला खारी हवा, वर चार महिने पाऊस. बॉडीला वायर जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे गंज धरतो आणि परतीची वाट अडते.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थिंगचा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, अर्थिंगचा बोल्ट खोला, पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट कसा, वरून ग्रीस लावा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि तिच्यासोबत गाडी. आधी मोजा, मग खर्च करा. भेटू पुढच्या भागात!