सतरा सप्टेंबर आणि आजीची लोखंडी पेटी

(बीड येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आपल्या जिल्ह्यात इतिहास पुस्तकात कमी आणि घरातल्या पेटीत जास्त सापडतो, म्हणून बोलायची हिंमत करतोय.

माझी आजी कुणाचंही वय एकाच मापाने सांगायची: “पुलिस ॲक्शन के पहले का” किंवा “बाद का”. त्यापुढे विचारलं की ती उठून चहा ठेवायला जायची. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हाच चहा झाला असेल.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. बीड तेव्हा संस्थानाच्या 16 जिल्ह्यांपैकी एक होता. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते. ते नाकारणं म्हणजे आपलाच इतिहास खोटा करणं. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. ते मुसलमान होते. संस्थान मुक्त व्हावं असं वाटणारे मुसलमानही होते, हे आपल्या पोरांना कुणी सांगतच नाही.

पण त्यानंतर जे घडलं, तेही खरंच आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. त्यांचा सावध अंदाज होता की एकूण 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला बसली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून किमान पाच हजार. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सोबत्यांना जिवावर उदार होऊन वाचवल्याची नोंद आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. आपण मात्र सोयीची तेवढी वाचतो.

आता कारभाराकडे वळू. निजामाच्या काळात जिल्ह्याचा प्रमुख होता अव्वल तालुकदार. गावात पाटील आणि पटवारी. 1880 च्या दशकात दप्तरात फारसीच्या जागी उर्दू आली. 1948 नंतर मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आले. 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 मध्ये कूळ कायदा आला. 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो आणि 1960 ला महाराष्ट्रात. बारा वर्षांत तीन राज्यं! मोमिनाबादचं अंबाजोगाई झालं. माणसं तीच, शेतं तीच, पण कागदांची भाषा बदलली. आमच्या धंद्यात याला डेटा मायग्रेशन म्हणतात. जुनी प्रणाली वाचणारा माणूस उरला नाही, तर डेटा असूनही नसल्यासारखा होतो.

हे मला कळलं ते आजी गेल्यावर. तिच्या लोखंडी पेटीत उर्दूतला एक जीर्ण कागद निघाला. अब्बांना वाटलं, जमिनीचा असेल. आम्ही तो घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने तो उलटा धरून पाहिला आणि परत केला. मला राग आला. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मलाही तो वाचता येत नव्हता. मला चार प्रोग्रामिंग लँग्वेज येतात, पण पणजोबांची भाषा येत नाही. शेवटी एका निवृत्त गुरुजींनी वाचून दाखवला. शेतसाऱ्याची साधी पावती होती. जमीन मिळाली नाही. मिळाली ती पणजोबांची सही.

2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. म्हणजे या भाषा फक्त आपल्या भावनेचा विषय नाहीत. मराठा शेतकऱ्याचा दाखला, कुळाचा हक्क, दर्ग्याच्या इनाम जमिनीचा मुंतखब, सगळं त्याच बासनात बांधलेलं आहे. उद्या तुम्ही शेजाऱ्याला त्याच्या आजोबांची नोंद वाचून दिलीत, तर ते कुठल्याही एकतेच्या भाषणापेक्षा मोठं काम होईल.

म्हणून तीन गोष्टी मागतो. एक, सहा महिन्यांत उर्दू लिपी शिका, जमलं तर मोडीही. दोन, घरातल्या कागदांचे नीट फोटो काढा, कुणाचे, कुठल्या गावचे ते लिहून ठेवा, आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका. तीन, घरात ऐंशी पार केलेलं कुणी असेल, तर आज रात्री त्यांच्याजवळ बसा. त्या चहा ठेवायला उठल्या, तर तुम्हीही मागोमाग स्वयंपाकघरात जा. मी गेलो नाही. दारातच थांबलो.

आणि येत्या सतरा सप्टेंबरला झेंड्याला जा. पुढच्या रांगेत उभे राहा. तो दिवस आपलाही आहे, आणि त्याचं दुःखही आपलंच आहे. दोन्ही सोबत घेऊन उभं राहता येतं.