जखमी वाघ आणि जिम कॉर्बेट

वाघ-बिबट्या दिसला की 'मारा, मारा' अशी ओरड होते. जिम कॉर्बेट हे तर नावाजलेले शिकारी. जन्म १८७५ सालचा, नैनितालचा. १९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिनं ४३६ माणसं मारली होती, असं ते लिहितात. पण पाहतात तो काय, तिचे उजवीकडचे सुळे जुन्या गोळीनं मोडलेले! रानातली शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांवर वळली होती. हे त्यांनी १९४४ च्या पुस्तकात मांडलं आणि वाघाची बाजू घेतली. लोकांचंही मत हळूहळू बदललं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तो त्यांच्याच नावाच्या उद्यानात.

आपल्या उसात बिबट्या येतो, तेव्हा हे ध्यानात धरा. त्याला घेरू नका, दगड मारू नका, फासे लावू नका; जखमी जनावर गावालाच भोवतं. शेळ्या रात्री बंद गोठ्यात ठेवा. मुलांना अंधारात एकटं धाडू नका. जनावर मारलं गेलं तर ते हलवू नका, ताबडतोब वनखात्याला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते.