एका घसरणीचे अनेक दावेदार

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचे टीव्हीवरचे प्रेक्षक का घटले, हा विषय पत्रिकेत वाचून ‘आपल्याला काय त्याचं?’ असं काहींना वाटलं असेल. खेळ आपला नाही, हे खरंच. मी त्याच्याकडे वळलो तो खेळाच्या बाजूने नव्हे. माझी नोकरी जाहिरातींसाठी टीव्हीचे आकडे वाचण्याची होती, आणि एकाच आकड्यावर इतक्या जणांनी इतक्या आवेशाने हक्क सांगितलेला मी दुसरा पाहिला नाही.

आकडा असा. नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, एका सामन्याला २०१५च्या हंगामात सरासरी १ कोटी ७९ लाख प्रेक्षक होते. २०१६मध्ये ते १ कोटी ६५ लाखांवर आले, २०१७मध्ये १ कोटी ४९ लाखांवर. दोन हंगामांत तीस लाख प्रेक्षक गेले. एखाद्या मालिकेचं असं झालं असतं तर लेखक बदलून विषय संपला असता. इथे प्रश्न राष्ट्राच्या प्रकृतीचा झाला.

का झाला, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. हा खेळ टीव्हीसोबतच वाढला. १९६१मध्ये लीगचे तरुण आयुक्त पीट रोझेल यांनी अमेरिकन काँग्रेसकडून एक कायदा करून घेतला. सगळ्या संघांनी प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायचे आणि पैसा समान वाटून घ्यायचा, याला त्या कायद्याने मुभा दिली. एरवी ही मक्तेदारी ठरली असती. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. त्याचा संघ न्यूयॉर्कच्या संघांच्या बरोबरीने आजही उभा आहे, तो या वाटणीच्या जोरावर. १९७०पासून सोमवारची रात्रही फुटबॉलची झाली. खेळही असा की दर काही सेकंदांनी थांबतो, आणि थांबला की जाहिरात. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१०मध्ये घड्याळ लावून मोजलं, तेव्हा तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे अकरा मिनिटं, असं निघालं. या अकरा मिनिटांवर अमेरिकन टीव्हीचा रविवार उभा आहे. म्हणून तो आकडा हलला की सगळेच दचकतात.

आता दावेदारांकडे येऊ. पहिली आली अध्यक्षपदाची निवडणूक. २०१६चा हंगाम सुरू झाला तो ट्रम्प आणि क्लिंटन यांच्या प्रचाराच्या ऐन भरात. २६ सप्टेंबरला त्यांची पहिली वादफेरी झाली ती सोमवारी, फुटबॉलच्या रात्री. तिला ८ कोटी ४० लाख प्रेक्षक मिळाले, आणि तिकडे अटलांटा आणि न्यू ऑर्लिन्सचे संघ जवळपास आपापसांत खेळले. दुसरी फेरी ९ ऑक्टोबरला, तीही रविवारी रात्री. मतदान होईपर्यंतच्या आठवड्यांत लीगची घसरण सुमारे १४ टक्के होती, मतदानानंतर ती अगदी थोडी उरली. त्यात शिकागो कब्स हा बेसबॉलचा संघ १९०८नंतर पहिल्यांदा जगज्जेता व्हायला निघाला होता, आणि त्याच्या एका रविवारच्या सामन्याने त्याच रात्रीच्या फुटबॉलला मागे टाकलं. लीगच्या अधिकाऱ्यांनी लगेच म्हटलं, निवडणूक झाली, आजार गेला. पण २०१७मध्ये निवडणूक नव्हती, आणि घसरण आणखी मोठी झाली.

दुसरा दावा सगळ्यात मोठ्या आवाजातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा खेळाडू कॉलिन कॅपरनिक २०१६च्या ऑगस्टमध्ये सामन्याआधीच्या राष्ट्रगीताला बसून राहिला. पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्या माणसांसाठी हा निषेध होता. एका माजी सैनिकाने त्याला सुचवलं, बसू नकोस, गुडघा टेक, त्यात अनादर दिसत नाही. १ सप्टेंबरला त्याने गुडघा टेकला. वर्षभराने, २२ सप्टेंबर २०१७ला, अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या सभेत ट्रम्प म्हणाले की अशा खेळाडूंना संघमालकांनी शिवी हासडून हाकलावं. लगेचच्या रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू राष्ट्रगीताला बसले किंवा गुडघ्यावर आले. त्यापुढचे आठवडे प्रत्येक सामन्याआधी कॅमेरा खेळ सोडून गुडघे मोजत होता. बहिष्काराच्या हाका उठल्या, सीझन तिकिटं जाळतानाचे व्हिडिओ फिरले. पापा जॉन्स ही पिझ्झा कंपनी तेव्हा लीगची प्रायोजक होती. आपला खप घटला त्याला लीगचं नेतृत्व जबाबदार आहे, असं तिच्या संस्थापकाने त्या नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे सांगितलं. पुढच्या वर्षी प्रायोजकत्व पिझ्झा हटकडे गेलं.

या दाव्यात तथ्य किती? २०१६च्या हंगामाबद्दल जे. डी. पॉवर या संस्थेने सामन्यांना जाणाऱ्या नऊ हजारांहून अधिक चाहत्यांना विचारलं होतं. सामने कमी पाहिले असं म्हणणाऱ्यांत सव्वीस टक्के लोकांनी राष्ट्रगीताचा निषेध हे कारण दिलं. वर्तमानपत्रांनी मथळा केला: घसरणीचं पहिलं कारण निषेध. मथळा चुकीचा नाही. पण कमी पाहिलं असं म्हणणारे मुळात होते बारा टक्के. बारातले सव्वीस टक्के म्हणजे एकूण शंभरातले तीन. आणि त्याच पाहणीत आदल्या वर्षापेक्षा जास्त पाहिलं असं म्हणणारे होते सत्तावीस टक्के! ते मथळ्यात आले नाहीत.

पाहण्या वाचून वाचून माझी एक सवय झाली आहे. माणूस कारण सांगतो तेव्हा ते सांगायला शोभतं का, हे मी आधी बघतो. ‘कंटाळा आला’, ‘मधेच झोप लागली’, ‘मुलीने रिमोट घेतला’ ही कारणं पाहणीवाल्याला कोणी सांगत नाही. ‘माझ्या झेंड्याचा अपमान झाला’ हे सांगता येतं. उलट बाजूच्या काहींनी कॅपरनिकला कोणी संघात घेत नाही म्हणून टीव्ही बंद केला, तेही अभिमानाने सांगण्यासारखंच. दोन्ही बाजूंची माणसं खरी होती, पण तीस लाख भरतील इतकी नव्हती. कॅपरनिक स्वतः १ जानेवारी २०१७नंतर लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही.

तिसरं कारण मेंदूच्या इजेचं. नैतिकदृष्ट्या हेच सगळ्यात वजनदार. पिट्सबर्गच्या संघाचा दिग्गज खेळाडू माइक वेब्स्टर २००२मध्ये वारला. शेवटची वर्षं त्याने बेघरपणात आणि भ्रमात काढली. नायजेरियातून आलेले विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या माराने झालेल्या आजाराच्या खुणा शोधल्या आणि २००५मध्ये ते प्रसिद्ध केलं. लीगच्या डॉक्टरांनी शोधनिबंध मागे घेण्याची मागणी केली. २०१७च्या जुलैमध्ये बोस्टन विद्यापीठाच्या ॲन मॅकी यांच्या गटाने एनएफएलच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासल्याचं जाहीर केलं. ११० मेंदूंत तो आजार होता. हे मेंदू ज्या घरांना शंका होती त्यांनी दान केलेले, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, असं संशोधकांनीच बजावलं होतं. तरी ११० हा आकडा पचत नाही.

मग लोकांनी पाहणं सोडलं का? मला वाटतं, नाही. या ज्ञानाचा परिणाम दिसला तो मैदानावर. शाळकरी वयात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या २००८-०९च्या शिखरानंतर घटत गेली. आईबापांनी पोराला मैदानावरून काढलं, आणि रविवारी सोफ्यावर बसून दुसऱ्यांच्या पोरांचा खेळ पाहिला. यावर जास्त बोलण्याची माझी पात्रता नाही. आपल्याकडे दहीहंडीचे थर आपण कुठून पाहतो, हे ज्याने त्याने आठवावं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. हा सरासरी प्रेक्षक म्हणजे कोण? आपण टीआरपी शब्द ऐकतो, २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी त्यावरून गुन्हाही नोंदवला होता, पण आत काय असतं ते क्वचित बघतो. अमेरिकेत हे काम नील्सन ही कंपनी करते. तिचा मुख्य आकडा किती लोकांनी सामना लावला याचा नसतो. सामन्याच्या सरासरी एका मिनिटाला किती लोक समोर होते, याचा तो असतो. म्हणजे तुम्ही तीन तास बसलात तर एक पूर्ण प्रेक्षक. दीड तासाने उठलात तर अर्धा. देशातला एकही माणूस फुटबॉल सोडून गेला नाही, फक्त प्रत्येक जण दहा मिनिटं आधी उठला, तरी आकडा पडतो आणि संपादकीयं लिहिली जातात.

२०१६मध्ये बरंचसं हेच घडत होतं. सामना लावणारे फारसे कमी झालेले नाहीत, ते टिकत नाहीत, असं लीगचेच अधिकारी सांगत होते. आणि टिकावं कशाला? २००९पासून लीगनेच रेडझोन नावाची वाहिनी चालवली आहे. कुठल्याही सामन्यात गुण मिळण्याची वेळ आली की ती तिथे उडी मारते, आणि तेव्हा ती जाहिरात दाखवत नसे. फँटसी फुटबॉल खेळणाऱ्याला संघाशी देणंघेणं नसतं, त्याला आपल्या यादीतल्या खेळाडूंचे गुण हवे असतात, ते फोनवर येतात. चांगली झेप दिसली की दोन मिनिटांत तिची चित्रफीत खिशात. साय काढून विकायला बसलात, तर दुधाचा भाव पडला म्हणून कुणावर रागावणार?

पातेलंही मोठं करत नेलं. गुरुवारचे सामने २००६मध्ये थोडके होते, २०१२पासून जवळजवळ पूर्ण हंगामभर. रविवारी खेळलेले थकलेले संघ चौथ्या दिवशी पुन्हा उभे, आणि खेळ तसाच. लंडनमधले सामने अमेरिकेत रविवारी सकाळी साडेनऊला सुरू. तिथून रात्री साडेअकरापर्यंत फुटबॉल. त्यात लीगचे तारे दिसेनासे: २०१६मध्ये पेटन मॅनिंग निवृत्त झालेला, टॉम ब्रेडी पहिले चार सामने निलंबित. २०१७च्या ऑक्टोबरात ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं. नायक नाहीत आणि प्रयोग वाढलेले. नाटकवाल्यांना याचा अर्थ सांगायला नको. जाहिरातींचा जाच तर लीगने स्वतः मान्य केला. आयुक्त रॉजर गुडेल यांनी २०१७च्या मार्चमध्ये चाहत्यांना पत्र लिहून सामन्याच्या प्रत्येक चतुर्थांशातले जाहिरातींचे विराम पाचावरून चारावर आणत असल्याचं कळवलं. विराम कमी झाले, पण त्यांची लांबी वाढली. मी त्या धंद्यातला असल्यामुळे मला हसू आलं.

या सगळ्याखाली जमीनच खचत होती. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी २०११मध्ये सुमारे १० कोटी घरांत होती. २०१७पर्यंत ती संख्या ८ कोटी ८० लाखांच्या आसपास आली. केबल कापणाऱ्याने फुटबॉलवर राग धरून केबल कापली नव्हती, त्याला महिन्याचं बिल नको होतं. इतर कार्यक्रम, विशेषतः तरुण प्रेक्षकांत, याहून वेगाने घसरत होते. त्यामुळे जे घडलं ते फक्त बाहेरच्याला विचित्र वाटेल. दुसऱ्या सलग घसरणीनंतर महिनाभरात, ३१ जानेवारी २०१८ला, फॉक्स वाहिनीने गुरुवारचे तेच नावडते सामने पाच वर्षांसाठी ३०० कोटी डॉलरहून अधिक देऊन घेतले. आणि २०२१मध्ये लीगने अकरा वर्षांचे करार केले, एकूण सुमारे ११ हजार कोटी डॉलरचे, आधीच्या जवळपास दुप्पट. सगळं ओसरत असताना जे सगळ्यात कमी ओसरतं त्याची किंमत चढते. २०२३मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिलेल्या शंभर प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलची होती.

हेच गणित आपल्या दारात आलं आहे. २०२२च्या जूनमध्ये क्रिकेट मंडळाने आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. दर सामन्यामागच्या किमतीत आता आपल्यापुढे फक्त एनएफएल, असं मंडळाने मिरवलं. त्या लिलावात भारतातल्या टीव्हीच्या हक्कांना मिळाले २३,५७५ कोटी आणि डिजिटलला २३,७५८ कोटी. फोनने टीव्हीला गाठलं ते त्या दिवशी, बोली लावून.

शेवटी, प्रेक्षक परत आले का? आकडा आला. २०१८ आणि २०१९मध्ये पाच-पाच टक्क्यांनी चढला, २०२३मध्ये पुन्हा १ कोटी ७९ लाखांवर गेला. मधे २०१८च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्यावरची केंद्रीय कायद्याची बंदी रद्द केली, आणि पैसे लावलेला माणूस एकतर्फी सामनाही शेवटपर्यंत पाहतो. २०२०मध्ये खेळाडू पुन्हा गुडघ्यावर आले, या वेळी लीगच्या पाठिंब्याने. आकडा सात टक्के पडला, तेव्हा जुन्या दावेदारांनी पुन्हा हात वर केले. पुढच्याच हंगामात तो दहा टक्के वाढला. २०२४मध्ये तो किंचित उतरला. २०१६, २०२० आणि २०२४ ही तिन्ही अध्यक्षीय निवडणुकीची वर्षं. मोठ्या आवाजातल्या कारणांपैकी जे खरोखर पुन्हा पुन्हा भेटतं, ते एवढंच.

पण २०१५चे १ कोटी ७९ लाख आणि २०२३चे १ कोटी ७९ लाख एक नव्हेत. २०२०च्या शरदापासून नील्सन घराबाहेरचे प्रेक्षक, म्हणजे बारमध्ये, विमानतळावर, दुसऱ्याच्या घरी बसलेले, राष्ट्रीय आकड्यात मिळवते. २०१५मध्ये ती माणसं तिथेच बसलेली होती, फक्त मोजली जात नव्हती. २०२५मध्ये मोजणीची पद्धत आणखी बदलली, केबलच्या डब्यांतून आणि स्मार्ट टीव्हींतून थेट येणारी माहिती तिच्यात आली. तेव्हा यापुढे कोणी ‘विक्रमी प्रेक्षक’ म्हटलं, तर कोणत्या वर्षीच्या पट्टीने मोजले, एवढं त्याला विचारा.