सोनोग्राफीचा धीर किती दिवस टिकतो?

आजचा विषय जरा हळवा आहे. गरोदरपणात सतत धाकधूक असेल, तर सोनोग्राफीने धीर येतो का? येतो. पण तो टिकतो किती, हे फारसं कुणी बोलत नाही. ते आज बोलूया.

माझी पहिली प्रेग्नन्सी नवव्या आठवड्यात थांबली. त्यामुळे दुसऱ्यांदा टेस्टवर दोन रेषा दिसल्या, तेव्हा आनंदाच्या आधी भीती आली. मळमळ झाली तरी भीती, एखाद्या दिवशी नाही झाली तर जास्तच. सासूबाई म्हणायच्या, "अगं, चांगले विचार कर." पण चांगले विचार काय बटण दाबून सुरू होतात?

सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर चण्याएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुकणारा एक ठिपका. "हे बघ, ठोके," डॉक्टर म्हणाल्या. मी रडलेच. तो धीर बरोब्बर चार दिवस टिकला! पाचव्या दिवशी परत तेच: आत्ता सगळं ठीक असेल ना?

आमच्या कामात सर्व्हर चालू आहे का ते बघायला पिंग करतात. उत्तर आलं, म्हणजे त्या क्षणी तो चालू आहे. उद्याची हमी त्यात नसते. सोनोग्राफीचं तसंच आहे. ठोके दिसले की गर्भपाताची शक्यता बरीच कमी होते, पण शून्य होत नाही. हे समजल्यावर मी दर आठवड्याला स्कॅन मागणं सोडलं आणि कुठला स्कॅन कशाचं उत्तर देतो, ते समजून घेतलं.

पहिला स्कॅन सांगतो: गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत का, किती आठवडे झाले. ११ ते १४ आठवड्यांमधला एनटी स्कॅन बाळाच्या मानेमागचा द्रव मोजतो. त्यातून फक्त शक्यता कळते, पक्कं निदान नाही. १८ ते २२ आठवड्यांत अॅनोमली स्कॅन: हृदय, मेंदू, मणका, किडन्या, सगळं एकेक करून तपासतात. त्यातही प्रत्येक दोष दिसतोच असं नाही.

आता खोलीतल्या दोन गोष्टी. एक, डॉक्टर गप्प झाले की आपल्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा ते मोजमाप घेत असतात. म्हणून झोपतानाच सांगा, "मॅडम, मागच्या वेळी असं झालं होतं, आधी ठोके आहेत का तेवढं सांगा." दोन, फॉर्म एफ भरायला दिला, ओळखपत्र मागितलं, तर घाबरू नका. लिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे तो फॉर्म प्रत्येक गरोदर बाईचा भरला जातो.

ऑनलाइन मिळणारं घरगुती डॉप्लर मी घेतलं नाही. त्यात आईचीच नाडी बाळाचे ठोके म्हणून ऐकू येऊ शकते. खोटा धीर हा भीतीपेक्षा धोकादायक. रक्तस्राव, जोरात पोटदुखी, किंवा नेहमीची हालचाल मंदावली असं वाटलं, तर ना डॉप्लर ना गूगल. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. "उगाच आलात" असं कुणी म्हटलं तरी चालेल.

आज मला सव्विसावा आठवडा आहे. भीती गेली का? नाही. पण आता दोन स्कॅनच्या मधले दिवस मी नवऱ्याशी मोकळं बोलून काढते. "काही होणार नाही" असं तो म्हणत नाही. "मलापण भीती वाटते" म्हणतो. खरं सांगू? तो धीर चार दिवसांपेक्षा जास्त टिकतो.

तुमच्या घरात, ग्रुपमध्ये कुणी यातून जात असेल, तर तिला सल्ला देऊ नका. पुढच्या स्कॅनची तारीख विचारा, आणि "मी येऊ का सोबत?" एवढंच म्हणा.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!