जिवंत असल्याचा पुरावा

२५ मार्च २०२० पासून करोनामुळे टाळेबंदी लागली आणि साठीपुढच्यांना घरची मंडळी जिनाही उतरू देईनात. मुलगा परदेशी, विमानं बंद. आईला घोर त्याच्या जेवणाचा, त्याला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा. गोळ्या शेजारचा मुलगा दाराच्या कडीला पिशवी अडकवून देऊन जायचा. खरा पेच आला नोव्हेंबरात, निवृत्तिवेतन चालू ठेवायला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचा. जिवंत आहोत हे सांगायला जीव मुठीत धरून बँकेत जायचं, म्हणजे कमालच! केंद्र सरकारने आपल्या निवृत्तांसाठी मुदत २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली. त्याच नोव्हेंबरात पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देऊ लागले. असा दाखला घरीच हवा असेल, तर आधार आणि पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक हाताशी ठेवा, आणि जवळच्या टपाल कार्यालयात चौकशी जरूर करा.